जावयाचा शनिवारचा रुसवा

हैफा शहर डोंगराच्या अंगावर चढत गेलेले आहे आणि आमचे घर त्या चढणीच्या वरच्या टोकाकडे आहे. खाली बंदरात माणसे अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यांत हिंडत असतात तेव्हा आमच्याकडे स्वेटर अंगावर चढलेला असतो. हिवाळ्यात समुद्रावरून येणारा वारा स्वयंपाकघरामागच्या लहान बाल्कनीवर सरळ आदळतो. कपडे वाळत घालायची ही बाल्कनी. तिथेच, भिंतीला टांगून, आम्ही गॅसचे बॉयलर बसवले. आंघोळीचे पाणी गच्चीवरच्या, उन्हाने तापणाऱ्या टाकीतून येते, जसे या देशात बहुतेकांकडे येते. हे बॉयलर फक्त घर तापवण्यासाठी होते. ते पाणी गरम करायचे, पंप ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत फिरवायचा आणि खोल्या उबदार व्हायच्या.

ते आणले आईसाठी. आम्ही ज्यू; ठाण्याहून या देशात आलो तेव्हा मी शाळेत होतो. आम्हाला दक्षिणेकडे, वाळवंटाच्या कडेला वसवलेल्या ओफाकिम गावात घर मिळाले. भावंडे पांगली, वडील गेले, तरी आईने ते घर सोडले नाही. त्या वर्षी हिवाळ्याआधीच्या सणांच्या आगेमागे ती न्हाणीघरात घसरली आणि तिचे मनगट मोडले. मी तिला हैफाला घेऊन आलो. निघताना तिने कढीपत्त्याची कुंडी शेजारच्या मोरोक्कन बाईंच्या हवाली केली आणि मला बजावले, "पुरीमपर्यंत बघते. नाही जमलं तर माझं घर आहे. दाराला कुलूप लावलंय, विकलेलं नाही."

पुरीमचा सण येतो हिवाळा सरताना. म्हणजे तिने माझ्यासमोर एका हिवाळ्याची मुदत ठेवली होती. तिने आता कायमचे आमच्याजवळ राहावे अशी माझी फार इच्छा होती. या इच्छेत प्रेम किती होते आणि इतकी वर्षे तिला तिकडे एकटी राहू दिल्याची टोचणी किती होती, याचा निवाडा मला तेव्हा करता आला नाही, आजही नीट करता येत नाही. तिला आमच्याकडे एकच गोष्ट सोसवत नाही असे मी ठरवून टाकले होते: थंडी. ओफाकिमची थंडी कोरडी, दुपारी उन्हात पाठ करून बसले की पळणारी. आमची थंडी ओली, चादरीत शिरणारी. तेव्हा मी थंडीचा बंदोबस्त केला.

बॉयलर इटलीत बनलेले होते. पांढरी पेटी, खाली काळ्या काचेची लहान खिडकी, तिच्यात लाल आकडा. एरवी तो आकडा फिरणाऱ्या पाण्याचे तापमान दाखवी. काही बिघडले की आकडा जाई आणि रोमन लिपीतला ई आणि त्यापुढे एक अंक लुकलुकू लागे. शेजारी एक बटण. ते दाबून धरले की यंत्र झाले गेले विसरून पुन्हा प्रयत्न करी. सोबत एक जाड इटालियन पुस्तिका होती आणि विक्रेत्याने जोडलेला हिब्रू भाषेतला एक कागद. त्या कागदावर प्रत्येक अंकापुढे एक ओळ होती आणि जवळजवळ प्रत्येक ओळीचा शेवट सारखा होता: दुरुस्ती करणाऱ्याला बोलवा.

मी बंदरातल्या एका कचेरीत नोकरीला होतो. कंटेनरवरची अक्षरे आणि आकडे कागदांवरच्या अक्षरआकड्यांशी ताडून पाहणे हे माझे काम. चार अक्षरे वाचली की मालक कळे, पुढचे आकडे वाचले की पेटी कळे. आत काय भरले आहे ते मात्र पेटी उघडल्याशिवाय कधी कळत नसे. तरी कोडांवर माझा विश्वास होता. कोणीतरी, कुठेतरी, विचारपूर्वक ठरवलेला अर्थ त्यांच्यामागे असतो असे मला वाटे. त्यामुळे यंत्राने पहिल्यांदा लुकलुकून दाखवले तेव्हा, खरे सांगायचे तर, मला काळजीपेक्षा कुतूहलच अधिक वाटले.

तो पहिला कोड ई-एक होता. कागदावर लिहिले होते: ज्योत लागत नाही. मी बटण दाबले. यंत्रातून टकटक ठिणग्या पडल्याचा आवाज आला, थांबला, आणि पुन्हा ई-एक. आई दारात येऊन उभी राहिली होती.

"काय म्हणतो?"

"पेटत नाही म्हणतो."

"गॅस संपला असेल. बाहेरचा सिलिंडर बघितलास का?"

सिलिंडर संपला होता. खाली जाऊन दुसऱ्या सिलिंडरचा खटका फिरवला, वर येऊन बटण दाबले, आणि यंत्र गुरगुरत पेटले. आई म्हणाली, "एवढी मोठी इटालियन पेटी, आणि गॅस नाही हे सरळ सांगता येत नाही तिला?"

तिच्या या प्रश्नाने मी बरेच दिवस विचारात पडलो. यंत्राला सिलिंडर दिसत नाही. त्याला कळते ते एवढेच की मी ठिणगी पाडली आणि ज्योत आली नाही. गॅस संपला असेल, नळी तुंबली असेल, ठिणगीची तार ओली झाली असेल, यंत्राला सगळे सारखेच. कोड म्हणजे रोगाचे नाव नव्हे. यंत्र कुठे येऊन थांबले, एवढेच तो सांगतो. मागची वाट आपण शोधायची. हे समजल्यावर मला तो हिब्रू कागद निराळाच दिसू लागला. 'दुरुस्ती करणाऱ्याला बोलवा' या ओळीच्या आधी कितीतरी रिकामी जागा आहे, आणि ती आपण भरायची आहे, असे वाटू लागले.

दुसऱ्या खेपेला ई-तीन आला. कागद म्हणाला: हवा. त्या दिवशी समुद्रावर वादळ होते आणि बंदरातल्या क्रेन थांबवलेल्या होत्या. बॉयलरचा धूर बाहेर टाकणारी आडवी नळी बरोबर वाऱ्याच्या तोंडी होती; आतला पंखा धूर बाहेर ढकलायचा, वारा तो परत आत ढकलायचा, आणि आपला धूर नीट जात नाही असे दिसताच यंत्र शहाण्यासारखे पेटायचे नाकारायचे. वारा पडला आणि कोड आपोआप गेला. मला यंत्राविषयी आदर वाटू लागला. आईने मात्र त्याला नाव ठेवले: जावई.

"जावयासारखाच आहे," ती माझ्या बायकोला म्हणाली. "पोटात अन्न नाही, रुसला. जरा वारा लागला, रुसला. आणि प्रत्येक वेळी आपणच बटण दाबून समजूत घालायची."

"आई, तुमचा जावई तर किती गरीब आहे," बायको हसत म्हणाली. माझ्या बहिणीचा नवरा खरोखरच कधी कोणावर रुसलेला मी पाहिला नाही.

"तो रुसत नाही म्हणून तर हा मिळाला."

तेव्हापासून आमच्या घरात त्या पेटीला जावईच म्हणू लागले. माझ्या मुली, थोरली सैन्यात आणि धाकटी शाळेत, आजीची मराठी समजून घेत पण उत्तर हिब्रूत देत. हा एक शब्द मात्र दोघींनी मराठीतच उचलला. बाल्कनीतून ओरडत, "अब्बा, जावई बरा आहे, साठ दाखवतोय!"

मग शनिवारांची गोष्ट सुरू झाली.

आई शब्बाथ कडक पाळी. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी दिवे लावून झाले की शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत ती विस्तवाला, विजेच्या बटणाला हात लावत नसे. आम्ही तेवढे काटेकोर नव्हतो, पण ती घरात असताना तिच्यासमोर बटण दाबायची कोणाची छाती नव्हती. बॉयलर रात्रभर धडधडत राहिले असते तर कोरड्या उबेने तिचा घसा बसला असता. म्हणून मी या देशात घरोघरी असते ते शब्बाथचे घड्याळ आणले. भिंतीतल्या प्लगात घड्याळ, घड्याळात यंत्राचा प्लग. शुक्रवारी दुपारीच त्याच्या तबकडीवरचे खटके लावून ठेवायचे: जेवणानंतर सगळे झोपायला गेले की वीज बंद, पहाटे वीज सुरू. माणसाचा हात कुठेच लागत नाही. दिव्यांना, पंख्याला, जेवण गरम ठेवणाऱ्या तव्यालाही आम्ही अशी घड्याळे लावत आलो होतो. त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे कोणालाही वाटले नसते.

पहिल्या एकदोन शनिवारी सकाळी घर उबदार होते. मग एका शनिवारी मी उठलो तो पाय फरशीवर ठेववेना. बाल्कनीत जाऊन पाहिले. खिडकीत ई-दोन लुकलुकत होता.

कागदावरची ओळ मला पाठ होती, तरी पुन्हा जाऊन वाचली: अतितापामुळे बंद. म्हणजे यंत्र म्हणत होते की मी फार तापलो. सगळे घर गारठलेले, रेडिएटरला हात लावला तर बर्फासारखा, आणि जावई म्हणतो, मला उष्णता सोसवली नाही!

"दाबू नकोस हां," आई तिच्या खोलीतून म्हणाली. तिची खोली बाल्कनीला लागून होती.

"नाही दाबत, आई. नुसतं बघतोय."

"बघून काय होणार? शब्बाथ आहे. तो काही कुठे पळून जात नाही. इकडे या सगळे, दार लावून घ्या."

तो शनिवार आम्ही सगळ्यांनी दिवाणखान्यात काढला. घरातल्या साऱ्या दुलया तिथे आणल्या. स्वयंपाकघरातला गरम तवा शुक्रवारपासून चालू होता, त्यावर नारळाच्या दुधातली कोंबडी आणि भात होता. त्याची ऊब यावी म्हणून मधले दार उघडे ठेवले. आईने मनुकांचे सरबत पेल्यांत ओतले. वाइनच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, पण काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळलेल्या सरबतावर म्हटला नाही तर तिला शब्बाथचा आशीर्वाद, म्हणजे किद्दुश, झाल्यासारखा वाटत नसे. थोरली गणवेशाचे जाकीट घालूनच आजीला टेकून बसली. धाकटीने उन्हाळ्यात जमवलेल्या जर्दाळूच्या बिया आणल्या. इथली मुले त्यांचा कसलासा खेळ खेळतात. आजीने त्यातल्या पाच निवडल्या आणि मोडून जुळलेल्या हाताने सागरगोटे खेळून दाखवले.

"हे तर गोलरक्षकापेक्षा जलद हात आहेत," थोरली हिब्रूत म्हणाली. "सावता, तू सैन्यात का नाही गेलीस?" सावता म्हणजे आजी.

"बोलावलं नाही कोणी," आई मराठीत म्हणाली. "खेळ आता. एक वर, चार खाली. वर बघ, खाली नको बघूस."

तारे दिसले तसे मी बटण दाबले. मुकाट्याने पेटले. आठवडाभर एकही तक्रार नाही. पुढच्या शनिवारी सगळे ठीक. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा ई-दोन. मग लागोपाठ दोनदा.

आई त्याबद्दल कुरकुरली नाही. पण मी तिचे हात पाहत होतो. ती ते दुलईखाली ठेवी आणि मोडलेले मनगट दुसऱ्या हाताने चोळी. शनिवारी दुपारी ती मला म्हणाली, "तिकडे आता ऊन पडलं असेल अंगणात." मी ते ऐकले आणि ठरवले की पुरीमच्या आत मला या ई-दोनचा छडा लावलाच पाहिजे. ती गेली तर या एका अंकामुळे जाईल, असे मला वाटत होते.

दुरुस्ती करणारा रशियाकडून आलेला उंच मनुष्य होता. आई त्याला फिटर म्हणे. तो यायचा आठवड्याच्या दिवशी, जेव्हा यंत्र गुणी मुलासारखे वागत असे. त्याने पंप तपासला, जाळ्या धुतल्या, तापमान मोजणारा लहानसा भाग बदलला. मी म्हणालो, "हे फक्त शनिवारी होतं." तो म्हणाला, "यंत्राला वार कळत नाही." हे बोलणे मला इतके पटले की मी पैसे देऊन त्याला निरोप दिला. तरी पुढच्या शनिवारी ई-दोन होताच.

यंत्राला वार कळत नाही, मग काय कळते? मी आठवू लागलो. कोणत्या शनिवारी कोड आला? ज्या शुक्रवारी थंडी कडाक्याची होती त्याच्या दुसऱ्या दिवशी. ज्या शुक्रवारी हवा मवाळ होती, त्यानंतर नाही. बायको म्हणाली, "मग थंडीनेच बिघडत असेल. तू उगाच कोडं करतोस." पण मंगळवारी त्याहून जास्त थंडी पडली होती आणि यंत्र उत्तम चालले होते. थंडी हवी आणि शुक्रवारही हवा, असे काहीतरी होते. मी बंदरात कंटेनर वाचताना हाच विचार करी. एकदा एक पेटी चुकीच्या जहाजाच्या रांगेत लावायला सांगून बसलो. मुकादम म्हणाला, "तुमचं लक्ष कुठे आहे?" माझे लक्ष दोन या अंकावर होते.

उलगडा झाला तो एका शनिवारी, जेवणानंतर. आम्ही सगळे पुन्हा दुलयांत होतो. घरात विजेवर चालणारे, आवाज करणारे काही सुरू नव्हते, त्यामुळे बोलणे थांबले की शांतता फार स्पष्ट ऐकू येई. मी म्हणालो, "एवढ्या गारठ्यात हा तापतो कुठून, तेच कळत नाही."

आई म्हणाली, "काल तो रोजच्यासारखा झोपला नाही."

"म्हणजे?"

"अरे, माझी उशी त्याच्या भिंतीला आहे. रोज विझला की तो लगेच गप्प होत नाही. जाळ विझतो, मग थोडा वेळ पाणी फिरत असतं पाइपातून, खळखळ खळखळ. धाप लागल्यावर माणूस जरा येरझारा घालतो ना, तसं. मग निजतो. शुक्रवारी मात्र एकदम गप्प. बोलता बोलता कोणी तोंड दाबलं असं."

"दर शुक्रवारी?"

"पेटलेला असला की एकदम गप्पच. पण कधी आधीच निजलेला असतो. काल तर चांगला पेटलेला होता."

मी उठून बाल्कनीत गेलो. ई-दोन लुकलुकत होता आणि त्याच्या वर, प्लगात, माझे शब्बाथचे घड्याळ मंद टिकटिकत होते. मी कितीतरी वेळ त्या दोघांकडे आळीपाळीने पाहत उभा राहिलो. वारा बोचरा होता, तरी आत जावेसे वाटेना.

ज्योत विझल्यावरही पंप काही मिनिटे चालू राहतो. आत साठलेली धग पाण्याबरोबर खोल्यांत निघून जावी यासाठी यंत्र बनवणाऱ्यांनी ती सोय केलेली होती. मी घड्याळाने साऱ्या यंत्राची वीजच एका क्षणात तोडत होतो. यंत्र त्या क्षणी निजलेले असले तर काही बिघडत नसे. पण कडाक्याच्या थंडीत ते सतत पेटलेले असे. तेव्हा ज्योतीबरोबर पंपही थांबे, आणि यंत्राच्या पोटातल्या तांब्याच्या नळ्यांतले पाणी जागच्या जागी उकळून उठे. अतिताप ओळखणारा खटका पडे. तो खटका हाताने दाबल्याशिवाय परत बसत नाही. पहाटे वीज परत येई, यंत्र जागे होई, पाही तो खटका पडलेला. रात्रीचा ताप केव्हाच निवून गेलेला असे. पण त्याला आठवत ते एवढेच. गारठलेल्या घरात ते खरेच सांगत होते.

इटालियन पुस्तिकेत हे कुठेही लिहिलेले नव्हते, आणि लिहिलेले असण्याचे कारणही नव्हते. चालू बॉयलरची वीज दर आठवड्याला घड्याळ लावून तोडणारे घर पुस्तिका लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असणे शक्य नव्हते.

सोमवारी फिटरला सांगितले तेव्हा त्याने आधी माझ्याकडे, मग घड्याळाकडे पाहिले. "मला वाटलं ते वॉशिंग मशीनचं आहे," तो म्हणाला. मग खदखदून हसला. यंत्राच्या पोटात दोन बारीक तारांची एक जागा असते. त्या जोडल्या की यंत्र पेटते, सोडल्या की आपल्या रीतीने, पंप फिरवून, सावकाश विझते. मुख्य वीज चालूच राहते. त्याने घड्याळ त्या तारांना जोडून दिले. त्या शुक्रवारी कडक थंडी होती. शनिवारी सकाळी मी अनवाणी बाल्कनीत गेलो. खिडकीत अठ्ठावन्न होते.

मला झालेला आनंद आजही आठवतो. एखादी अवघड ओळ अचानक लागावी तसा तो आनंद होता. मी आईला जाऊन म्हणालो, "जावई शहाणा झाला." ती म्हणाली, "ऐकलं मी. रात्री धापा टाकून निजला."

त्यानंतरचे शनिवार उबदार गेले. थोरली सैन्यातून येई ती थकलेली. स्वतःच्या उबदार खोलीत दुपारपर्यंत झोपे. धाकटी आपल्या खोलीचे दार लावून घेई; आत काय करी ते आई विचारत नसे आणि आम्ही सांगत नसू. बायको पुस्तक घेऊन आमच्या खोलीत. मी लहान खोलीत वर्तमानपत्र घेऊन. एका शनिवारी मी पाणी प्यायला बाहेर आलो, तर दिवाणखान्यात आई एकटी बसली होती. समोर सरबताचे पेले. किद्दुश झाल्यावर कोणी अर्धा, कोणी पाऊण ठेवून गेलेले. जर्दाळूच्या पाच बिया खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडलेल्या होत्या.

"थंडी वाजते का, आई?"

"नाही रे. ऊब आहे. सगळीकडे ऊब आहे." मग तिने पेले एकात एक घालायला सुरुवात केली. "पुरीम झाला की मला पोचव. कढीपत्ता कुजला असेल. त्या बाई पाणी फार घालतात."

तिने हे रागाने म्हटले नाही, दुःखाने म्हटले असेही नाही. मी लहान खोलीत परत गेलो, पण वर्तमानपत्र वाचता येईना. तिला काय हवे आहे हे मी एकदाही तिला विचारले नव्हते. यंत्राला मात्र मी नाना तऱ्हांनी विचारत राहिलो होतो. त्याला विचारणे सोपे होते. ते अंकात उत्तर देई.

पुढच्या शुक्रवारी, दिवे लावण्याच्या थोडे आधी, मी एक काम कोणालाही न सांगता केले. प्रत्येक रेडिएटरच्या खाली एक लहान नळ असतो. मुलींच्या खोल्यांतले, आमच्या खोलीतला, लहान खोलीतला, असे सगळे नळ मी फिरवून बंद केले. फक्त दिवाणखान्यातला आणि आईच्या खोलीतला चालू ठेवला.

शनिवारी सकाळी धाकटी दुलई ओढत बाहेर आली. "अब्बा, थंडी! जावई परत रुसला!" ती बाल्कनीत धावली आणि गोंधळून परत आली. "कोड नाहीये. पंचावन्न दाखवतोय." थोरली मागोमाग आली, तिने दिवाणखान्यातल्या रेडिएटरवर हात ठेवला, मग आपल्या खोलीतल्या रेडिएटरवर, मग वाकून त्याच्या नळाकडे पाहिले. सैन्यात तिला असल्या तपासण्या शिकवलेल्या असाव्यात.

"इमा," ती आईला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणाली, "आपल्या घरात घातपात झाला आहे. आणि घातपाती वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला आहे."

सगळ्या हसल्या. दुलया पुन्हा दिवाणखान्यात आल्या. बिया खाली आल्या. पण आई हसली नाही. मुली खेळात रमल्यावर ती मला हलक्या आवाजात म्हणाली, "असं गारठवून माणसं जमवायची का रे?"

"दुसरं काही सुचलं नाही, आई."

"सैन्यातून दमून येते पोर. तिला झोपू दे की उबेत. उघड ते नळ."

"आज कसे उघडू?"

"आज नको, शब्बाथ आहे. पण उघड."

तारे दिसल्यावर मी सगळे नळ उघडले. मला लाज वाटत होती; तरी तिने मला रागे भरले याचे कुठेतरी बरेही वाटत होते. ओफाकिमच्या घरात असताना ती मला असे रागे भरत असे, आणि पाहुणी म्हणून आल्यापासून एकदाही भरली नव्हती.

पुरीमच्या आधीचा शनिवार चांगलाच थंड होता. सगळे नळ उघडे होते. थोरली दुपारपर्यंत झोपली. बायकोही आत होती. मी वर्तमानपत्र घेऊन दिवाणखान्यात येऊन बसलो. आईशी काय बोलावे ते मला कळत नव्हते, म्हणून वाचू लागलो. मध्येच तिने विचारले, "काय लिहिलंय?" मी एकेक बातमी मराठीत सांगू लागलो. हिब्रूतल्या कित्येक शब्दांना मला मराठी शब्दच आठवेनात. ती ते सुचवी, कधी चुकीचे सुचवी, आणि आम्ही त्यावर वाद घालू. थोड्या वेळाने धाकटीचे दार उघडले. ती मोजे घालून आली, कट्ट्यावरच्या बिया उचलल्या आणि आजीसमोर फरशीवर बसली.

"तुझ्या खोलीत थंडी आहे का?" आईने विचारले.

"लो," ती म्हणाली. म्हणजे नाही. आणि तिने एक बी वर उडवली.

पुरीम आला आणि गेला. मी आईला आठवण करून द्यायला धजलो नाही. एका संध्याकाळी मी बाल्कनीत कपडे काढत होतो. आई दारात येऊन उभी राहिली आणि बॉयलरच्या खालच्या कोपऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"इथे वारा लागतो का रे, खाली?"

"खाली नाही लागत. कठडा आहे ना."

तिने वाकून त्या पेटीच्या पोटाखाली हात धरला. तिथे नेहमी जराशी ऊब असते.

"मग तिकडे जाशील तेव्हा ती कुंडी उचलून आण," ती म्हणाली. "गाडीत आडवी नको ठेवूस, माती सांडते. इथे जावयाखाली राहील."